जुन्या टीव्ही-कपाटातून भातुकलीचं स्वयंपाकघर: गोव्याच्या हवेत टिकेल असं

रंधा :
टीव्ही भिंतीवर गेला की खालचं बुटकं कपाट रिकामं होतं आणि बहुतेक घरांत ते पडवीत जाऊन फुगतं. साधारण ९० सेंमी लांब, ४० खोल, ५० उंच असं ते असतं. मुलांच्या ओट्याला ही उंची जवळजवळ तयारच आहे. ओटा मुलाच्या कोपरापेक्षा पाच ते आठ सेंमी खाली हवा. तीन वर्षांच्या मुलाला ४८ ते ५० पुरतो, पाच वर्षांच्याला ५५ ते ५८ लागतो. कमी पडलं तर खाली पाय वाढवता येतात, कापून कमी करणं कटकटीचं.

करवत हातात घेण्याआधी कपाट कशाचं आहे ते ओळखा. मागची किंवा तळाची न दिसणारी कड पॉलिश पेपरने खरवडा. थर दिसले तर प्लाय. गुळगुळीत, पुठ्ठ्यासारखी पिवळट कड म्हणजे एमडीएफ. लाकडाचे दाणे सुटून हातात आले तर पार्टिकल बोर्ड. सलग रेषा आणि वास आला तर सागवान, फणस किंवा माट (ऐनाचं लाकूड). पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात तळापासून फुगतो आणि फुगलेला भाग परत बसत नाही. तळाचे चार-पाच सेंमी कापून टाका, कापलेली कड लगेच सीलरने बंद करा आणि खाली रबरी बूट लावा. फुगवटा त्याच्या वर गेला असेल तर ते कपाट सोडून द्या. स्क्रू धरणार नाही.

कीड पाहायची ती अशी: मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. दीड-दोन मिमीची गोल भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेऱ्याचा किडा. भोकं जुनी की चालू, हे कळायला सगळा भुसा झटका, खाली काळा कागद घाला आणि आठवडाभर हलवू नका. कागदावर ताजं पीठ पडलं तर ती फळी काढून दुसरी बसवा. मुलांच्या वस्तूला वाळवीचं औषध मारायचं नाही. रॉकेलही नाही.

लागणारा माल:
बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) प्लाय, १२ मिमी, पाव शीट (१२२ × ६१ सेंमी).
सागवानी पट्ट्या दोन, १०० सेंमी लांब, ५० × २५ मिमी.
स्टीलचे स्क्रू ४ × ३५ मिमी आठ, ४ × ३० मिमी बारा. समुद्राजवळच्या घरात साधे लोखंडी स्क्रू नकोत. पहिल्या पावसात गंज रंगाच्या वर येतो.
काठ असलेला स्टीलचा वाडगा, बाहेरून बाहेर २६ सेंमी, काठ सव्वा सेंमी रुंद.
एम-६ बोल्ट ४० मिमी चार, आठ वायसर, चार नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप न सुटणारे).

पट्ट्या कपाटाच्या दोन्ही बाजूंना बाहेरून, मागच्या कडेशी सरळ, जमिनीपासून उभ्या लावा. स्क्रू आतून बाहेर, प्रत्येक पट्टीला चार. बाजूची फळी १८ मिमी, पट्टी २५, म्हणजे ३५ मिमीचा स्क्रू आतच राहतो, टोक बाहेर येत नाही. सागवानात आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते. पट्ट्यांची जाडी दोन्हीकडे वाढल्यामुळे ओट्याच्या वर उभी राहणारी पाठीची फळी ९५ × ५० सेंमी कापायची. पाव शीटमधून ती कापली की ९५ × १० ची पट्टी उरते. ती ९० वर आणा, झाला वरचा फडताळाचा कप्पा. राहिलेल्या तुकड्यातून गॅसची बटणं निघतात.

सिंकसाठी वाडगा उलटा ठेवून काठाभोवती रेघ मारा, मग त्या रेघेच्या ८ मिमी आत दुसरी रेघ. कापायची ती आतली. म्हणजे साडेचोवीस सेंमीला किंचित कमी व्यासाचं भोक होतं आणि काठ सगळीकडे ८ मिमी टेकतो. समोरून निदान ६ सेंमी लाकूड राहू द्या. रेघेवर मास्किंग टेप चिकटवून टेपवरूनच जिगसॉ चालवा, नाहीतर सनमायकाच्या ढलप्या उडतात. आतल्या बाजूला १० मिमीचं भोक पाडून पातं तिथून घाला. कापण्याआधी खाली खण आहे का ते बघा. वाडगा आठ-नऊ सेंमी खोल असतो, तो खणाच्या आड येतो. खण काढा, त्याचं पुढचं तोंड जागेवर पक्कं करून टाका.

आबोली :
छान सविस्तर. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घरात तीन आणि सहा वर्षांची अशी दोघं असतील तर उंची कुठली धरायची? आणि वाडग्यात खरं पाणी चालेल का? मुलं पाण्याशिवाय राहत नाहीत.

रंधा :
आबोलीताई, उंची मोठ्या मुलाची धरा आणि लहान्यासाठी खाली ७-८ सेंमी उंचीचा रुंद पाट ठेवा. पाट निदान ४५ × ३० चा हवा. अरुंद पाटावरून मूल मागे पाऊल टाकताना पडतं.

पाण्याबद्दल माझं मत नाही असं आहे. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असेल तर भोकाच्या कापलेल्या कडेत पाणी एकदा शिरलं की सनमायका सुटायला लागतो.

सांगेकार :
रंधा यांच्याशी मी इथे सहमत नाही. पाण्याचा खेळ काढून घेतला तर सिंक हे नुसतं भोक उरतं. प्लाय किंवा भरीव लाकूड असेल तर दोन गोष्टी करा. वाडगा चिकटवू नका, उचलून ओतता आला पाहिजे. आणि कापलेल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात द्या. दोन भाग मिसळायचं साधं इपॉक्सी, ब्रशने. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा वर राहतो. फक्त वार्निश मारलेली कड पुरत नाही. पाणी एक लोटाभर, आणि खेळ संपला की वाडगा उचलून पुसायचा. लहान मूल असलेल्या घरात भरलेला वाडगा तसाच ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. साचलेल्या पाण्यात डासही होतात.

रंधा :
प्लायला इपॉक्सी लावून चालेल, मान्य. पार्टिकल बोर्डावर मात्र मी ठाम आहे.

चिरेबंदी :
एक फार महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. हे कपाट भिंतीला बांधल्याशिवाय मुलांना द्यायचं नाही. ४० सेंमी खोलीच्या कपाटावर जमिनीपासून मीटरभर उंच जाणारी पाठ उभी केलीत की मूल वरच्या कप्प्याला लोंबकळलं तर सगळं अंगावर येतं.

गोव्यातल्या जुन्या घरांत अडचण भिंतीचीच. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, वर गिलावा. चिरा सच्छिद्र आणि मऊ, आत पोकळ्या असतात. हॅमर लावून ड्रिल केलं की आठचं भोक बाराचं होतं आणि रावल प्लग (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) नुसता फिरतो. पद्धत अशी: हॅमर बंद, आधी ५ मिमीचा बिट, मग ८ मिमीचा. भोक ७५ ते ८० मिमी खोल, कारण वरचा दीड-दोन सेंमी गिलावा काही धरत नाही. धूळ फुंकून काढा. ८ × ६० चा किंवा त्याहून लांब प्लग ठोका, गिलाव्याच्या आत चिऱ्यात बसेल इतका खोल. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पडलं तर जागा बदला. जुन्या घरांत सांध्यात मातीच भरलेली असते. भोक मोठं झालंच तर सिमेंटच्या घट्ट माव्यात सागवानी खुंटी ठोकून दोन दिवस सुकू द्या आणि स्क्रू खुंटीत मारा.

एल-अँगल ९० सेंमी उंचीवर, दोन्ही उभ्या पट्ट्यांना. प्लायच्या पाठीला नको. आणि कपाट भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत ओल धरते, पाठीला बुरशी येते. दोन ते तीन सेंमी जागा सोडा आणि त्या जागेत अँगलच्या मागे लाकडाचा ठोकळा घाला.

दवरणे :
१२ मिमीची पाठ जड होत नाही का? ९५ × ५० म्हणजे साडेतीन किलोच्या वर. वरचं वजन जितकं कमी तितकं बरं. ६ मिमी घेतली तर?

रंधा :
६ मिमी ९५ सेंमीच्या पल्ल्यावर पावसात वाकते, मधे पोट येतं. मधोमध तिसरी पट्टी लावणार असाल तर ६ चालेल. नाहीतर ९ मिमी हा मधला मार्ग. मग बटणांसाठी दोन चकत्या चिकटवून १८ मिमी करा. गोंद साधा नको, मरीन प्रकारचा पांढरा गोंद घ्या आणि रात्रभर शिकंजात ठेवा. साधा गोंद दमट हवेत परत मऊ पडतो.

कुळागर :
रंगाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात.

पहिलं, जुना रंग. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आणणारा नियम २०१६ चा, तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेलं कुठलंही फर्निचर शिशाचं आहे असंच धरून चाला, विशेषतः पिवळा, लाल, हिरवा ऑइल पेंट. तो कोरडा घासू नका. धूळ मुलांच्या पोटात जाते. पाणी मारून, वॉटर पेपरने घासा. चिखल कागदाने पुसून पिशवीत बांधा, अंगणात झाडू नका. मुलं घराबाहेर असतानाच हे काम. जुन्या रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर ती फळीच वापरू नका.

दुसरं, सागवान. सागवानावर सरळ पांढरा वॉटर-बेस रंग मारला की काही दिवसांत तपकिरी डाग वर येतात. लाकडातलं टॅनिन रंगातल्या पाण्यात उतरतं. तिसरा, चौथा हात मारूनही ते थांबत नाहीत. मधे लाखेचा थर हवा. हार्डवेअरच्या दुकानात चपडा लाख मिळते. १२० ग्रॅम लाख एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, कपड्यातून गाळा, पातळ दोन हात द्या. तासाभराने ३२० च्या पेपरने हलकं घासून मग प्रायमर. स्पिरिट भडकतं, चुलीजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ हे काम नको. पावसाच्या दिवसांत लाख पांढरट पडते, म्हणून कोरडा दिवस पाहा.

तिसरं, मेलामाइन पॉलिश असलेलं फर्निचर. चकाकी पूर्ण जाईपर्यंत १२०, मग २२० ने घासा. थोडी जरी चमक राहिली तरी रंग नखाने निघतो.

तिसवाडी :
सागवान आणि त्यावर रंग? भरीव सागवान, शिसम, माट असेल तर कृपया रंगवू नका. घासून तीन हात लाख किंवा वॉटर-बेस क्लिअर कोट द्या. रंग फक्त प्लायच्या पाठीला आणि बटणांना. जुनं सागवान पुढे परत दुसऱ्या कामाला येतं, रंगवलेलं कोणी मेस्त्री घेत नाही. त्यासाठी ओटाही शक्यतो कापू नका. वाडग्याचं भोक पाडायचं असेल तर मूळ फळी काढून जपून ठेवा आणि तिच्या जागी १८ मिमी प्लाय बसवा.

कुळागर :
बरोबर आहे. मी लिहिलं ते आधीच रंगवलेल्या किंवा चिरफळ्या भरलेल्या सागवानासाठी. चांगली फळी काढून ठेवण्याची सूचना मलाही पटते.

आबोली :
रंगकाम जूनमध्ये केलं तर चालेल का? शाळा सुरू व्हायच्या आधी द्यायचं होतं.

कुळागर :
जून ते सप्टेंबर रंगकाम टाळा. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असला की वॉटर-बेस रंग वरून सुकतो, आत चिकट राहतो. मग दार चौकटीला चिकटतं आणि उघडताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतं. पावसात सुतारकाम उरकून घ्या, रंग ऑक्टोबरनंतर. अगदीच घाई असेल तर बंद खोलीत पंखा नको, डीह्युमिडिफायर किंवा एसी लावा, हात पातळ द्या, दोन हातांत पूर्ण दिवस सोडा आणि दारं चौकटीत बसवण्याआधी आठवडा जाऊ द्या. वास पूर्ण गेल्याशिवाय मुलांना देऊ नका.

फोंड्याची वाट :
ओव्हनच्या दाराचं बोलूया. बहुतेक जण कपाटाचं बाजूला उघडणारं दार काढून खाली उघडणारं करतात, दिसायला खरं वाटतं. धोके दोन. एक, मूल उघड्या दारावर बसतं किंवा चढतं. दार मग तरफ होतं आणि कपाट पुढे येतं. चिरेबंदी यांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीला बांधलेलं नसेल तर हे दार करूच नका. दुसरा धोका बिजागरीच्या फटीचा. खेळण्यांच्या सुरक्षेचा साधा नियम: बिजागरीच्या बाजूच्या फटीत ५ मिमीची काडी जात असेल तर १२ मिमीचीही गेली पाहिजे. म्हणजे फट एक तर ५ च्या आत ठेवा, नाहीतर १२ च्या वर. मधली फट बोटं चेंगरते. पियानो बिजागरी पूर्ण लांबीची लावली की फट उरतच नाही. दार आपटू नये म्हणून हळू मिटणारा फ्लॅप-स्टे (दार धरणारा दांडा) लावा, साखळी किंवा दोरी नको.

दाराला काच असेल तर आधी ती काढा. जुन्या शोकेसची काच साधी असते, फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात. तिच्या जागी ३ मिमी ॲक्रिलिक. ॲक्रिलिकला भोक स्क्रूपेक्षा दीड-दोन मिमी मोठं पाडा, ड्रिल हळू चालवा आणि स्क्रू पूर्ण आवळू नका. उन्हात ते फुगतं, जागा नसली की भोकापासून तडा जातो.

लोहचुंबकाचे छोटे गोल तुकडे दाराला चिकटवू नका. सुटले आणि दोन गिळले गेले तर आतड्याला धोका. स्क्रूने बसणारा कपाटाचा नेहमीचा कॅचर पुरे. दिवा लावायचा असेल तर बटण सेल नको. एए सेलचा, झाकणाला स्क्रू असलेला डबा घ्या.

दवरणे :
पाठीला अझुलेजोच्या (पोर्तुगीज वळणाच्या निळ्या-पांढऱ्या) खऱ्या टाइल्स लावायचा विचार आहे. कशाने चिकटवू?

चिरेबंदी :
खऱ्या नको. १० × १० सेंमीच्या बारा टाइल्स म्हणजे दीड किलोच्या आसपास वजन, तेही सगळ्यात वर. शिवाय प्लाय पावसात हलतो, टाइल हलत नाही, मग सुटून ओट्यावर पडते. पांढऱ्या रंगावर १० सेंमीचे चौकोन पेन्सिलने आखा, निळा ॲक्रिलिक रंग, स्टेन्सिल, वर क्लिअर कोट. कावीची (लाल मातीच्या रंगाची) नक्षी करायची असेल तर तीही याच पद्धतीने, लाल ॲक्रिलिकने. खरी काव हाताला लागते.

सांगेकार :
सगळं गॅस आणि ओव्हनवर चाललंय. आपल्या मुलांना आजीच्या घरी चूल, आदोळी (विळी), रगडा (वाटायचा दगड) दिसतो, भातुकलीतही ते हवं. ओट्याच्या बाजूला जमिनीवर चूल करा. १२ मिमी प्लायचा ३० × ३० × १८ सेंमीचा खोका, समोरची बाजू अर्धगोल कापलेली, वर १६ सेंमी व्यासाचं भोक आणि त्याच्या कडेला तीन सेंमी उंचीचे तीन ठोकळे. त्यावर टोप टेकतो. लाकडं म्हणून अडीच सेंमी जाडीच्या दांड्याचे १५ सेंमीचे तुकडे, कडा घासून.

आदोळीला ३५ × १२ सेंमीची फळी, पुढे तिरकी मान आणि पात्याच्या जागी १८ मिमी लाकडाची पाच सेंमी व्यासाची अर्धगोल चकती. दाते नकोत. मान दोन स्क्रूंनी खालून आणि गोंदाने, कारण मुलं मानेला धरूनच आदोळी उचलतात. नारळाच्या करवंट्या ८०, १२०, २२० अशा क्रमाने घासा, काथ्याचा एक धागा ठेवू नका, नाहीतर पावसात बुरशी तिथूनच सुरू होते. वरून खोबरेल पातळ पुसा. करवंटीला बांबूची काडी बसवली की डवली (डाव) तयार. काडी आरपार घालून दोन्हीकडून पाचर मारा, नुसत्या गोंदावर राहत नाही.

भाज्या, फळं सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी आणा. डिचोलीची मातीची बुडकुली पाच वर्षांपुढच्या मुलांना. फुटलेल्या खापराला धार असते.

फोंड्याची वाट :
तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर एक माप लक्षात ठेवा: ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. चिंचोके, तिरफळं, कोकमाच्या बिया, लाकडी मिरच्या, सगळं बाहेर. विकतची प्लास्टिकची भांडी घेताना आयएसआय चिन्ह बघा. खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.

तिसवाडी :
नळाचं कोणी लिहिलं नाही. जुना पितळी नळ लावू नका. पितळेत बहुधा शिशाचा अंश असतो आणि लहान मूल नळ चोखतं. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि दोन एल्बो घ्या. उभा १५ सेंमी, आडवा १०, खाली ४. पाइप २२० ने घासल्याशिवाय रंग धरत नाही. खालून फ्लँज देऊन ओट्याला बोल्टने आवळा. फक्त भोकात घातलेला नळ मुलं उपटतात.

आबोली :
बटणं फिरायला हवीत पण सैल पडायला नकोत. बोल्ट किती घट्ट करायचा?

रंधा :
५ सेंमीच्या होल-सॉने चकती कापली की मधे मार्गदर्शक बिटचं भोक आपोआप सहा-साडेसहा मिमीचं पडतं, एम-६ तिथेच बसतो. बटणाच्या बाहेरच्या बाजूला बोल्टचं डोकं बुडेल इतका खळगा आधी करून घ्या. क्रम असा: डोकं, वायसर, बटण, फळी, वायसर, नायलॉक नट. नट पूर्ण आवळा, मग पाव फेरा सोडा. साधा नट असेल तर फिरता फिरता तो सुटतो आणि खाली मुलाच्या हाती लागतो, म्हणून नायलॉकच. बटण आणि फळी यांच्यामध्ये रंग लावायचा नाही. तिथे मेणबत्तीचं मेण घासा. रंग असला की दमट दिवसांत बटण चिकटून बसतं.

बटण १८ मिमी जाडीच्या तुकड्याचं असेल तर ते आणि १२ मिमी फळी धरून ३० होतात, वायसर आणि नट आणखी आठ-नऊ, तेव्हा खळगा केला की ४० मिमीचा बोल्ट बरोबर पुरतो. नटातून दोन-तीन मिमी आटे बाहेर आले पाहिजेत, त्याहून जास्त आले तर करवतीने कापून कानसीने घासा. पाठीची फळी ९ मिमी घेतलीत तर ३५ चा घ्या.